समासातली ओळ

"उजेडाखाली?" आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, पाच दिवसांचं लेकरू ते!"

दवाखान्यातून नुकताच फोन आला होता. काविळीचा आकडा एकवीस. आणखी चढला तर मेंदूला इजा होऊ शकते, उशीर करू नका. आजच दाखल करून बाळाला दिव्यांच्या उजेडाखाली ठेवायचंय.

आत्याबाई सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. घरातली सगळी बाळंतपणं त्यांच्या हाताखालून गेलेली. "आपल्या घरच्या ग्रंथात स्वच्छ लिहिलंय, पंधरा दिवस बाळाला उजेड दाखवायचा नाही. या घरातलं एकेक पोर त्याच अंधाऱ्या खोलीत वाढलं. तुझा नवरासुद्धा. काय वाईट झालं गं त्याचं?"

सून बाळाचं दुपटं आवळत राहिली. पाच दिवस तीही त्या खोलीत होती, जाड पडद्यांमागे. अंधारात पिवळं दिसत नाही. आज सकाळी बाळ दूध ओढेना, तेव्हा ती त्याला उचलून न्हाणीघराच्या खिडकीशी घेऊन गेली. नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून उचललं, आणि खालची कातडी हळदीसारखी दिसली. रक्त तपासायला नर्सला बोलावलं ते तिनेच, कुणाला न विचारता.

नवरा कामासाठी परगावी. तो फोनवर एवढंच म्हणाला, "आप्पांना विचार. ते म्हणतील तसं कर."

आप्पा म्हणजे सासरे. जुन्या हस्तलिखित प्रती शेजारी शेजारी ठेवून, अक्षर न् अक्षर ताडून शुद्ध पाठ ठरवायचा, हे त्यांचं वडिलांकडून आलेलं काम. गल्लीत कुणाचं काही अडलं की लोक त्यांच्याकडे यायचे. आप्पा म्हणतील ती पूर्व दिशा.

"आप्पा, मी बाळाला घेऊन निघते," ती म्हणाली. "टॅक्सी दहा मिनिटांत येतेय."

"दहा मिनिटं पुरेत," आप्पा म्हणाले आणि त्यांनी कपाट उघडलं.

मेजावर त्या ग्रंथाच्या दोन प्रती आल्या. एक रोजच्या वाचनातली. दुसरी आजोबांच्या वेळची, कडा कुरतडलेली, वर्षानुवर्षं फडक्यात बांधून ठेवलेली. आप्पांनी भिंग घेतलं. त्यांचं बोट ओळीवरून मुंगीच्या चालीने सरकू लागलं. तिच्या खांद्यावर बाळ निपचित झोपलं होतं. रडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"शोधतोस काय एवढं? मला तोंडपाठ आहे," आत्याबाई म्हणाल्या. "आहे की नाही ओळ?"

"आहे," आप्पा म्हणाले.

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दाराची कडी काढली.

"पण ही जुनी प्रत बघ, अक्का. इथे ती ओळ मजकुरात नाही, कडेला समासात आहे. बारीक अक्षरात. 'या साली डोळ्यांची साथ. बाळंतिणीची खोली पंधरा दिवस अंधारी ठेवावी.' आजोबांनी स्वतःच्या माहितीसाठी करून ठेवलेली नोंद. पुढे ज्याने प्रत उतरवली, त्याला वाटलं ही ग्रंथातलीच राहून गेलेली ओळ. त्याने साथीचं गाळलं आणि उरलेलं आत ओढलं."

"कोण तो अकलेचा खंदक?"

"मी," आप्पा म्हणाले. "सोळा वर्षांचा होतो."

आत्याबाईंनी जुनी प्रत स्वतःकडे ओढली. "म्हणजे इतकी वर्षं आपण…"

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढून पुसला. मग प्रश्न सुटल्यासारखे सुनेला म्हणाले, "ग्रंथाची काही हरकत नाही. जा तू."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. तिला जाता आलं असतं. पण उंबऱ्यात तिचा पाय अडला.

"आणि ओळ ग्रंथातलीच निघाली असती तर, आप्पा?"

"अगं!" आत्याबाई पुटपुटल्या.

"तर?" आप्पांनी विचारलं.

"तरी मी गेलेच असते. तुम्ही 'आहे' म्हणालात, तेव्हाच कडी काढली होती मी. ती ओळ खोटी निघाली म्हणून जात नाहीये. बाळ पिवळं दिसलं म्हणून जातेय. हे तुम्हाला ठाऊक असावं."

ओले टाके ओढत होते. पण तिने नजर खाली केली नाही.

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्याशी असं कधी कुणी बोललं नव्हतं. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. वर्षानुवर्षं प्रती चाळून एखादी निर्दोष प्रत हाती यावी, तसा. त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

"चल. मी येतो."

जिना उतरून दोघं गल्लीत आली. भर दुपारचं ऊन. समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं.

"आप्पा, एवढंसं बाळ बाहेर? ग्रंथात काय सांगितलंय?"

इकडच्या तिकडच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. आप्पा नेहमी हलक्या आवाजात उत्तर द्यायचे. आज अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"मला काय विचारतोस? आमच्या सूनबाईंना विचार."

शिंपी गोंधळून उठून उभा राहिला. आप्पा लगबगीने पुढे झाले, टॅक्सीचं दार उघडलं, आणि ती बाळाला घेऊन नीट बसेपर्यंत ते धरून उभे राहिले.