बादलीची परीक्षा

"बादली आणा," ताई म्हणाली, आणि सगळे हातातली कुदळफावडी टाकून तिच्याभोवती गोळा झाले.

वस्तीमागच्या टेकडीवर फिरायला पायवाट करायची, तीही पावसाने वाहून न जाणारी, हे शिकायला सकाळी सात जण जमले होते. शिकवणारी ताई वयाने सगळ्यांत लहान. तिने जोड्या लावून दहा-दहा पावलांचे तुकडे वाटून दिले. निवृत्त रस्ते-इंजिनियरांना मात्र जोडीदार नको होता. ताई सोडून त्यांना सगळे साहेबच म्हणत. त्यांचा तुकडा पाणसळ आडवी लावून सपाट केलेला, बाहेरच्या कडेला दगडांची आखीव रांग.

खालचा तुकडा टेलरबाई आणि दातांच्या डॉक्टरांचा. तो दरीच्या अंगाला जरासा कललेला. "वाट आहे की घसरगुंडी?" असं साहेबांनी दोनदा विचारून झालं होतं.

ताईने तिथे बादली ओतली. पाणी वाट ओलांडून सरळ गवतात उतरलं.

"पास!"

डॉक्टरांनी टाळ्या पिटल्या.

मग साहेबांचा तुकडा. पाणी दगडांशी अडलं, वळलं आणि वाटेवरूनच खाली धावत सुटलं. जाताना सकाळभर चोपलेली माती घेऊन गेलं.

कोणी हसलं नाही. साहेबांना तेच जास्त लागलं.

"काका, पाण्याला वाटेने चालू दिलं, की ते वाटच घेऊन जातं," ताई हळूच म्हणाली. "त्याला नुसतं ओलांडू द्यायचं."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पाणसळ पुसून पिशवीत घातली. गेले आता घरी, असं सगळ्यांना वाटलं. पण ते वाकले आणि कडेचा पहिला दगड उपटला. मग दुसरा. मग तिसरा.

"टेलरबाई," मान वर न करताच त्यांनी विचारलं, "तो कल केवढा ठेवलात?"

"पावलाला दोन बोटं."

"इकडे या बरं जरा. माझी बोटं जाड आहेत."

टेलरबाई पदर खोचून आल्या. दोघांनी मिळून अख्खा तुकडा पुन्हा तासला. तिसऱ्या बादलीला पाणी आडवं जाऊन गवतात गडप झालं, तेव्हा पहिली टाळी साहेबांचीच पडली.

तेवढ्यात खालून दोघी शेजारणी फिरायला आल्या. एकीची विहीण काय म्हणाली, त्यावर दुसरीने काय म्हणायला हवं होतं, असं सगळं रंगात आलेलं. बोलत बोलतच त्या नव्या वाटेवरून गेल्या आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या.

"घ्या!" डॉक्टर हिरमुसले. "सकाळपासून कंबर मोडली, आणि वाटेबद्दल एक शब्द नाही."

साहेब कमरेवर हात ठेवून वळणाकडे बघत होते. मातीने माखलेला चेहरा नुसता फुलला होता.

"अहो डॉक्टर, एकदा तरी खाली बघावं लागलं का त्यांना?"