सुहूंचा सल्ला

कोसासीने सीट धरून सायकल वीतभर उचलली आणि कान लावला. मागच्या सांध्यातून खट् असा आवाज आला. त्याने पुन्हा उचलली. पुन्हा खट्.

"बेअरिंग गेलंय," तो म्हणाला.

"गेलंयच. मी लपवणार नाही, दादा," रोहेंदी म्हणाला. "तिसऱ्याच उताराला मागचा बोल्ट निघाला आणि हे असं झालं." त्याने गळ्यात अडकवलेला प्लॅस्टरचा हात जरासा हलवून दाखवला.

रोहेंदी लेम्बांग गावचा दूधवाला. गोठ्यातली एक कालवड विकून त्याने डोंगरात चालवायची ही सायकल घेतली होती. लालभडक रंग, पुढे शॉकअप, मागे शॉकअप. आता ती निम्म्या किमतीला काढली होती, आणि कोसासी बायकोला स्कूटरवर मागे बसवून बांडुंग शहरातून ती बघायला आला होता. पैसे बायकोच्या भिशीचे. एन्तिनच्या मनात खरं तर शिलाई मशीन होतं, पण नवऱ्याची अडचण मोठी होती.

अडचण अशी, की पोस्टाच्या काउंटरवर बसणारा कोसासी फोनवर 'सुहू' होता. सुहू म्हणजे गुरू. कमी पैशांत दोन्ही शॉकअपची सायकल कशी निवडावी हे एकमेकांना विचारणाऱ्या नऊ हजार माणसांचा एक ग्रुप होता आणि तिथे सुहूंचा शब्द शेवटचा. कुठल्या शॉकअपात हवा किती भरावी, कुठली फ्रेम कुठे चिरते, सगळं त्याला तोंडपाठ. पाकिटांवर शिक्के मारता मारता तो सल्ले देई. स्वतःच्या फोटोच्या जागी त्याने ज्वालामुखीचं चित्र लावलं होतं, त्यामुळे दरारा आणखी वाढला होता. पण आता पुढच्या महिन्यात ग्रुपचा मेळावा ठरला. प्रत्येकाने आपापली सायकल आणायची. सुहूंची सायकल बघायला लोक थेट सुराबायाहून निघणार होते. आणि सुहूंकडे सायकलच नव्हती.

"एवढे पैसे घालून असली कशी घेतलीत?" एन्तिनने रोहेंदीला विचारलं. त्याच्या बायकोने दिलेलं दूध ती फुंकून पीत होती.

"दुकानदार सांगत होता, वहिनी. एवढ्या पैशांत दोन्ही शॉकअप मागू नकोस, मिळतील पण टिकणार नाहीत. फक्त पुढचा असलेली घे, मजबूत असते. मी तीच घेणार होतो. मग म्हटलं, आमच्या ग्रुपवर सुहू आहेत, त्यांना एकदा विचारावं. मिनिटात उत्तर आलं. 'मागे शॉकअप नसेल तर ती सायकल नव्हे, खाट आहे.' मग काय, कालवड काढली."

एन्तिनने नवऱ्याकडे बघितलं. नवरा चेन बघत होता. ते वाक्य त्याला चांगलं आठवत होतं. त्यावर दोनशे अंगठे पडले होते.

"मी घेतो," तो एकदम म्हणाला. "तुम्ही घेतलीत त्याच किमतीला."

रोहेंदी गोंधळला. "मोडकी सायकल नव्याच्या भावात?"

"मी करून घेईन नीट."

"आणि उद्या तुमचं हाड मोडलं तर? ते पाप माझ्या डोक्यावर. निदान एक फेरी तरी मारून बघा."

"फेरीची गरज नाही. उभ्याउभ्या कळतं मला."

"मग सुहूंनाच विचारू. ते द्या म्हणाले तर आत्ता घेऊन जा." आणि रोहेंदीने डाव्या अंगठ्याने, एकेक अक्षर शोधत, प्रश्न लिहायला घेतला.

थोड्या वेळाने कोसासीच्या खिशात फोन थरथरला. त्याने खिशावर हात दाबून धरला.

"अहो," एन्तिन शांतपणे म्हणाली, "तुम्हाला गायी बघायच्या होत्या ना?"

कोसासी गोठ्यामागे गेला. त्याने फोन काढला आणि लिहिलं, 'देऊन टाका.' दोनच शब्द, आणि सगळ्यांचं भलं. रोहेंदीचे पैसे परत, मेळाव्यात लाल सायकल, नऊ हजारांत मान. अंगठा बटणापर्यंत गेला. तेवढ्यात त्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न येऊन पडला. कुणी एक बाई विचारत होत्या, 'सुहू, मुलासाठी घ्यायची आहे, बांगड्या मोडतेय, कुठली घेऊ?'

त्याने ते दोन शब्द पुसले. मग बराच वेळ लिहीत राहिला. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर पाठवलं नसतं.

तो परत आला तेव्हा रोहेंदी बाकावर बसला होता. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"आलं का उत्तर?" एन्तिनने विचारलं.

"आलं. कुणालाही विकू नका म्हणतात. माझा सल्ला चुकला, दुकानदार बरोबर होता, म्हणतात. कमी पैशांत एकच शॉकअप घ्या, असं त्या बाईंनाही सांगितलंय. आणि माझं नुकसान ते स्वतः भरून देणार आहेत." रोहेंदीने अंगठ्याने पडदा वर सरकवला. "पाच मिनिटांत चारशे जणांनी हात जोडलेत, वहिनी."

एन्तिनने रिकामा पेला खाली ठेवला. शिलाई मशीनचा विषय तिने मनातल्या मनात बंद केला, पण नवऱ्याकडे ती रागाने बघत नव्हती.

"आणि हे शेवटचं बघा, दादा." रोहेंदीने फोन कोसासीपुढे धरला आणि स्वतःच वाचून दाखवलं. "'मी आजवर एकही डोंगर चढलेलो नाही. मला सायकल चालवताच येत नाही.'"

कोसासीने मान खाली घातली.

"एवढा मोठा माणूस," डोळे पुसत रोहेंदी म्हणाला, "पण विनय बघा."