पंडितशेठची लाल गाडी

“ह्या खेळण्यात ते इंजिन बसेल का?” पंडितशेठने विचारलं.

भिकनने हात पुसत आधी खेळण्याकडे, मग इंजिनवाल्या गाडीकडे बघितलं. सुरतच्या पांडेसऱ्यातल्या त्याच्या गॅरेजसमोर दोन गाड्या उभ्या होत्या. एक लाल, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील एवढी जुनी विलायती स्पोर्ट्स कार. आफ्रिकेहून परतलेल्या कुणीतरी ती बोटीतून आणली होती आणि हात बदलत बदलत ती पंडितशेठकडे आली होती. दुसरी पंडितशेठची रोजची पांढरी कॉन्टेसा.

“बसेल,” भिकन म्हणाला. “पण चालत्या गाडीचं काळीज उपटून खेळण्यात घालणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय.”

पंडितशेठ नुसता हसला. शिरपूरकडचा हा माणूस रंगाच्या मिलमध्ये हमाली करायला आला होता. आता मिलांना मजूर पुरवायचा आणि गावाकडचं कुणी भेटलं तरी ‘केम छो’ म्हणायचा. भिकनही त्याच मुलखातला, म्हणून त्याला तो जास्तच खुपायचा.

“कॉन्टेसाचं तोंड कशानं चेपलं?”

“आपल्याच बंगल्याचं फाटक. वळवताना अंदाज चुकला.”

भिकन मान फिरवून थुंकला. स्वतःच्या दारात शिरता येत नाही आणि ह्याला वाऱ्याशी शर्यत लावायचीय!

“मग उरलेल्या सांगाड्याचं काय करू?”

“कापून भंगारात दे. ज्योतिषी म्हणाला, ती गाडी मला लाभत नाही. पण आधी ते काम कर, भिकनभाई. मला ती नजरेसमोर नको.”

ज्योतिषी! भिकनला हसू आवरेना. चेन-कप्पी लावून त्याने कॉन्टेसाचं जपानी बनावटीचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून घेतलं आणि त्याच दिवशी स्वतः गॅस कटर हातात धरून कॉन्टेसाचे तुकडे केले. भंगारवाल्याचा टेम्पो भरून गेला, तेव्हा पंडितशेठ समोर उभा राहून बघत होता. मूर्खांना करमणूक लागते, भिकनच्या मनात आलं.

घरी वेगळीच कटकट चालू होती. बायकोचा, मंगलाबाईचा धाकटा भाऊ लोटू सरकारी दवाखान्यात पडून होता. लूमवरच्या कामावरून सायकलने घरी येताना त्याला उधना रोडवर ट्रकने उडवलं होतं. निदान पोलिसांनी तसं लिहून घेतलं होतं. एक हात आणि दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, मोडलेला जबडा तारांनी बांधलेला.

“तुम्ही एकदा चौकीवर जाऊन या ना,” मंगलाबाई म्हणायची. “उधना रोडवरच्या टपरीवाल्यांना विचारा. कुणीतरी बघितलं असेल.”

“काय विचारू? माझा मेहुणा पिऊन ट्रकखाली गेला, तो ट्रक आता कुठल्या राज्यात आहे, असं?”

“तो पित नाही हो.”

“सगळ्यांचे भाऊ पित नाहीत.”

तिच्या हट्टापायी तो एकदा दवाखान्यात गेला. त्याला बघताच लोटू तळमळायला लागला. घशातून घूं घूं आवाज काढत, धड असलेल्या हाताने अंगावरची पांढरी चादर चिमटीत धरून तो पुन्हा पुन्हा झटकू लागला.

“चादर बदला म्हणतोय,” भिकन म्हणाला. “घरी गोधडीवर लोळणार आणि इथे साहेबाला इस्त्रीची चादर पाहिजे.”

लोटूच्या डोळ्यांतून पाणी आलं. भिकन तोवर दारापर्यंत पोचला होता.

त्याचं चित्त गाडीत होतं. इंजिन लांबीला जास्त, म्हणून आतला पत्रा कापून जागा केली. नवे माउंटिंग बनवले, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवर कापून आखूड केला, पुढचं वजन वाढलं म्हणून स्प्रिंगा बदलल्या. पंडितशेठ अधूनमधून यायचा, काही कळत नसताना मान डोलवायचा आणि विचारायचा, “आता ओळखू नाही येणार ना, कुठल्या गाडीचं इंजिन आहे ते?”

“तुम्हाला तर नाहीच येणार,” भिकन म्हणायचा. पंडितशेठला ह्या टोमण्याचा राग येत नसे. त्याला टोमणा कळतही नाही, ह्याची भिकनला खात्री होती.

गाडी तयार झाली त्या दिवशी आजूबाजूच्या मिलांतली माणसं गोळा झाली. भिकनने किल्ली फिरवली. पत्र्याच्या शेडमध्ये ती अशी गरजली की चहावाला किटली घेऊन मागे सरकला. गिअर टाकून क्लच सोडला, तशी मागची चाकं धूळ उडवत जागीच फिरली आणि गाडी बाणासारखी सुटली. सचिन गावाकडच्या रस्त्यावर तिला पळवून तो परतला, तेव्हा कपाळावरचे केस उलटे झाले होते.

“तुझ्यासारखा कारागीर अख्ख्या सुरतमध्ये नाही,” पंडितशेठने त्याचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. “फार मोठं काम केलंस माझं.”

“इंजिन बसवायला अक्कल लागते, शेठ,” भिकन म्हणाला. “घ्यायला लागत नाही.”

पंडितशेठ हसत हसत गाडीत बसला आणि भुर्रकन निघून गेला.

हात धुऊन भिकन थेट दवाखान्यात गेला. आज लोटूच्या जबड्याच्या तारा काढल्या होत्या. मंगलाबाई कॉटच्या कडेला बसली होती. तिचा चेहरा कित्येक दिवसांत प्रथमच उजळला होता.

“बोलला हो तो! तुमचीच वाट बघत होता.”

“काय म्हणतोय बेवडा?” भिकन आज खुशीत होता. त्याने स्टूल ओढलं.

लोटूने कष्टाने ओठ हलवले. “टरक नव्हता, दाजी. पांढरी कॉन्टेसा व्हती. त्यो खाले उतरना, मन्हाकडे दखं, आन् परत गाडीत जाईसन बसना.”

“खाली उतरून ह्याच्याकडे बघितलं आणि तसाच टाकून गेला हो!” मंगलाबाईने भिकनचा हात घट्ट धरला.

“आता सापडेल ना हो ती गाडी? तुम्ही तर सुरतमधली एकेक कॉन्टेसा ओळखता.”