बिजाबाईच्या दारातली काठी

"जंगल राखल्याचे पैसे येतील. वाटायचे कसे?" ग्रामसभेत संस्थेच्या मॅडमनी विचारलं.

"गस्त घालेल त्याला," उत्तर आलं.

गावात गस्तीची एकच काठी. ज्याच्या दारात ती उभी, त्यानं दिवसभर जंगल राखायचं आणि संध्याकाळी काठी शेजारच्या दारात ठेवायची. बिजाबाईचं दार मात्र सगळे गाळायचे. एकटी बाई, त्यात पायानं अधू.

"काकीला घरबसल्या वाटा देऊ," अध्यक्ष लालसू म्हणाला. माना डोलल्या.

बिजाबाई भिंत धरून उठली. "मले फुकटचं नोको. काठी माह्या दारातही ठेवा. हळू चालन, पण चालन."

मग लालसूच म्हणाला, "लिहा मॅडम. जितकी दारं तितक्या पाळ्या, अन् तितकेच वाटे."

दुसऱ्या दिवशी काठी बिजाबाईच्या दारात उभी होती. ती घेऊन, रोजची कुबडी टेकत बिजाबाई निघाली, तेव्हा लालसूला राहवलं नाही. "काकी, कुबडी ठेव घरी. हीच काठी टेकत जा."

"ही टेकाची नाही रे," म्हणत तिनं काठी खांद्यावर घेतली.