महूचा बालमित्र

“काका, आत तुम्ही एकट्यानंच जायचं आहे,” प्रशिकने पत्राची घडी घालत सांगितलं. “प्रोग्राम सहाला आहे, पण नेल्सन सरांनी तुम्हाला साडेपाचलाच रूममध्ये बोलावलंय. अकेले में.”

नथूच्या हातातला चहा बशीत सांडला. त्याची मुलगी मैत्री मात्र आनंदानं उठून उभीच राहिली.

“पण तुला पत्र पाठवायला सांगितलं कोणी?” नथूने विचारलं.

“सरप्राइज द्यायचं होतं ना. फॅन क्लबचा सेक्रेटरी आहे मी, एवढं तर करणारच. लिहिलं की तुमचा महूचा बालमित्र नथू इथे इंदूरला छत्रीबागेत राहतो, स्वागताचा हार तोच घालेल.”

आता खरं सांगायचं तर नथूने नेल्सन आल्मेडाला जन्मात पाहिलं नव्हतं. पाहिली होती ती कॅसेट, तीही मैत्रीने आणलेली. कव्हरवर गिटार घेतलेला माणूस, अर्धा चेहरा केसांत आणि उरलेला काळ्या चष्म्यात. मागे छापलं होतं की वडील फौजेत होते, लहानपण महूच्या छावणीत गेलं. नथूचे आजोबाही महूच्या पलटणीतले. मिल बंद पडून तेव्हा चारच महिने झाले होते आणि घरात दिवसभर बसून माणसाचं डोकं जसं व्हायचं तसं झालं होतं.

“हा? हा तर माझ्या वर्गात होता,” त्याच्या तोंडून निघून गेलं.

मैत्री त्याच्याकडे बघतच राहिली. मिल सुटल्यापासून त्याच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. मग काय, एकातून दुसरं निघत गेलं. नेल्सनला सायकल नथूने शिकवली, नेल्सनच्या वाटची छडी नथूने खाल्ली. गल्लीभर झालं. जी माणसं त्याला टाळून पुढे जायची, तीच आता थांबवून विचारायची, “क्यों नथू भिया, दोस्त के क्या हाल?” क्लबच्या मीटिंगा त्याच्याच ओट्यावर भरायच्या. तीन वर्षं हे असं चाललं आणि खोटं अगदी घरच्यासारखं होऊन बसलं.

आणि आता तो नेल्सन खरोखरच इंदूरला येत होता. परदेशी जीन्सचं एक नवं दुकान उघडलं होतं, त्याच्या मालकाने बोलावलं होतं. गळा बसलाय, डॉक्टरांनी गायला मनाई केलीय, म्हणून फक्त तरुणांशी बोलणार होता. पोरांना तेवढंही पुष्कळ होतं. आठ दिवस ती बॅनर रंगवत होती. मैत्रीने बाबांच्या पांढऱ्या शर्टाला दोनदा स्टार्च केलं.

नथूने सुटायची खटपट केली, नाही असं नाही. शुक्रवारी त्याने तापाचं सोंग आणलं. बायकोने, मंजुळाने, त्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि भाजी चिरायला निघून गेली. शनिवारी त्याने देपालपुरची बहीण आजारी पाडली. “आत्या परवाच तर येऊन गेली,” मैत्री म्हणाली.

रविवारी दुपारी मात्र त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं.

“मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे,” मंजुळा म्हणाली. “तुमची शाळा इंदुरातली, महूला फक्त सुट्टीत जायचात.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही हसायला लागला होता म्हणून. पण आता पोरीला तुम्हीच सांगा. बाहेरून कळलं तर ती तुमचा एक शब्द खरा मानायची नाही.”

हॉलच्या वाटेवर त्याने तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा मैत्रीच बोलली. “बाबा, कॉलेजात सगळ्या म्हणायच्या, फेकते आहेस. आज सगळ्या येणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसवलंय त्यांना.” तिने त्याचा दंड धरला होता. नथू रस्त्याकडे बघत चालत राहिला.

तेव्हाच त्याने ठरवलं. आत जायचं, सरळ पाय धरायचे. म्हणायचं, साहेब, मी खोटारडा आहे, पण बाहेर माझी पोरगी उभी आहे. तिच्यासमोर फक्त एकदा मला ओळख द्या, पुन्हा कधी तुमचं नाव घेणार नाही.

स्टेजच्या मागे खोलीच्या दारात दुकानाचा मॅनेजर होता. मैत्री आणि प्रशिक हार घेऊन बाहेरच थांबले. “जा बाबा,” मैत्री म्हणाली.

नेल्सन आल्मेडा खुर्चीत बसला होता. तेच केस, तोच काळा चष्मा. तो उठला, मॅनेजरला हातानेच बाहेर घालवलं आणि आतून कडी लावली. हिंदीतून घोकलेलं सगळं नथू विसरला.

“साहेब, एक सांगायचं होतं,” तो मराठीतच म्हणाला. “माझ्याकडून चूक झाली. मी—”

“थांबा. आधी माझं ऐका,” तो माणूसही मराठीतच बोलला. गळा अगदी साफ होता. त्याने चष्मा काढला आणि नथूचे दोन्ही हात धरले. त्या माणसाचे हात घामाने ओले होते. बाहेर पोरं नेल्सन, नेल्सन म्हणून ओरडायला लागली होती.

“मुद्दाम एकट्याला बोलावलं,” तो हळू आवाजात म्हणाला. “अख्ख्या इंदुरात त्याला लहानपणापासून ओळखणारे तुम्ही एकटेच आहात. मी तो नाही, हे तुम्हाला बघताक्षणीच कळलं असेल. पाया पडतो, भाऊ, बाहेर कोणाला सांगू नका.”