मोहाखालची आग

आशाबाईने पिठाचा डबा उंबरठ्यावरूनच अंगणात ढकलला आणि ती पुन्हा घरात शिरली. वस्तीमागची टेकडी निम्मी काळी झाली होती. बांबूची बेटं फुटत होती आणि तिचा नवरा मुखरू दर आवाजाला टेकडीकडे वळून बघत होता. फॉरेस्टचा गार्ड मोटरसायकलवरून ओरडत गेला होता, अर्ध्या तासात सगळे खाली रोडवरच्या शाळेत पाहिजेत. तेरा घरांच्या त्या टोल्यात जंगलाला सगळ्यात खेटून घर मुखरूचं.

तो गोठ्यात बैलांची दावी सोडत होता. रोज डोळे मिटून सुटणारी गाठ आज सुटेना.

"सरका भाऊ," मागून कोणीतरी म्हणालं. दोन घरं पलीकडची सुकरी विळा घेऊन आली होती. तिने दोन्ही दावी कापली आणि बैलांच्या पाठीवर थापा मारून त्यांना रस्त्याला लावलं.

"तुह्यं घर सोडून इथी काऊन आली, बाई?"

"माह्या घरी कोन हाय? दोन बकऱ्या होत्या, सोडल्या. तुमचं घर आधी पेटन. धान उचला."

विधवा बाई ती, अंगात मूठभर मांस नाही, पण धानाचं पोतं तिने मुखरूच्या बरोबरीने उचललं. पोतं टोल्यातल्या अंकुशच्या ट्रॅक्टरवर टाकलं, मग पेटी, मग खाट. ती नुसती धावत होती.

आशाबाई देवघरातले देव पदरात बांधून बाहेर आली आणि नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सकारी मोहाखाली पेटवलं होतं, थे इजवूनच आले होते ना जी?"

"हो," मुखरू म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखाली आग लावून जागा साफ करायची, ही इकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. फॉरेस्टवाले दर वर्षी सभा घेऊन नको म्हणतात, लोक माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी काडी ओढतात. पण काडी ओढणाऱ्याने एक पाळायचं असतं. भोवतीचा पाला झाडून घ्यायचा, हिरवी फांदी हातात धरायची आणि शेवटचा धूर मरेपर्यंत जागचं हलायचं नाही. चाळीस वर्षं मुखरू हलला नव्हता. आज त्याला चहाची तलफ आली. एवढंच कारण. दुसरं काही सांगावं म्हटलं तरी सापडत नाही.

ट्रॅक्टर वळणावर आला तेव्हा मुखरूच्या घराचं छप्पर पेटलं. आशाबाईने ते पाहिलं. मातीची प्रत्येक वीट तिने स्वतः थापली होती, चार उन्हाळे. मग वारा फिरला आणि सुकरीचं घर गेलं. सासरी असलेली तिची लेक उर्वशी सातव्या महिन्यात होती, तिच्या बाळंतपणासाठी सुकरीने वर्षभर जमवलेलं तूप, डिंक, जुन्या लुगड्यांच्या चार गोधड्या, सगळं आत होतं. ते काढायला वेळ होता. तो वेळ तिने मुखरूच्या धानाला दिला होता.

शाळेच्या व्हरांड्यात सगळा टोला जमला. कोणी रडत होतं, कोणी ढोरं मोजत होतं. म्हातारा देवाजी खांबाला टेकून बसला होता. तो एकदम ओरडला, "कोनाच्या मोहाखालून आली थे आग? हात सडो त्याचे!"

मुखरूने हात मांड्यांखाली घेतले. बोलावं, आत्ताच बोलावं. त्याने तोंड उघडलं.

"माह्या मोहाखालून आली," सुकरी म्हणाली.

सगळे वळले. ती उभी होती, अंगभर काजळी. "सकारी मीच पेटवलं होतं. वाटलं, इजलं. पानीबी टाकलं होतं, धूर नव्हता म्हनून आली निघून. मले का मालूम, आत जीव राह्यला म्हनून?"

मुखरूला मालूम होतं. सकाळी आपल्या मोहाकडे जाताना तो तिच्याच झाडाखालून गेला होता. सवयीने त्याने वाकून राखेत हात फिरवून पाहिला होता. राख थंडगार होती, पाण्याने भिजवलेली. बाईने काम चोख केलं होतं.

शेजारी आशाबाईने दुपारपासून कोंडलेला श्वास सोडला. "माये," ती पुटपुटली, "मले तर वाटलं, तुमीच." तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. इतक्या मायेने तो हात तिने कित्येक वर्षांत ठेवला नव्हता. आणि मुखरूने उघडलेलं तोंड मिटलं.

सुकरी एकेकापुढे जाऊन हात जोडू लागली. देवाजीने तोंड फिरवलं. एक बाई तिच्या पायांपुढे थुंकली. सुकरी पुढे सरकत राहिली, आणि शेवटी मुखरूपुढे आली, खाली बसली, आणि तिने त्याचे दोन्ही पाय धरले.

"तुमचं घर पह्यलं गेलं, भाऊ. तुमी म्हनान ते खरं. मले माफ करा."

सगळे मुखरूकडे बघत होते. त्याने सुकरीच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग आशाबाईकडे.

"ऊठ बाई," तो म्हणाला. "केलं माफ."

सुकरीला हुंदका फुटला. पाय तिने सोडले नाहीत.