बफरचा फोटो

"हे सांगितलं तर कुणी खरं मानणार न्हाय," नागोजी मिशीला पीळ देत म्हणाला, "पण फोटो काढायच्या घटकेला इंजिनानं श्वास रोखून धरलावता!"

अनगोळातल्या आपल्या दुकानात पारिसा पेंटर चौकटीखालच्या पट्टीवर नाव लिहायला ब्रश बुडवून बसला होता. चौकटीत मेल गाडीच्या इंजिनाचा बफर होता. डब्याचा धक्का झेलणारी ती फुगीर लोखंडी थाळी इतक्या जवळून टिपलेली, की तिच्यावरचे ओरखडे मोजावेत. उद्या हा फोटो बेळगाव स्टेशनात लागणार होता. खाली काढणाऱ्याचं नाव.

फोटोची काच, म्हणजे मूळ निगेटिव्ह, सापडली होती भावकूच्या ट्रंकेत, तो वारल्यावर. नागोजी आणि भावकूनं वीस वर्षं एकच स्टुडिओ चालवला, आणि वीस वर्षं गिऱ्हाईक दारातनं विचारत आलं, "भावकूअण्णा हायत काय?" नागोजी समोर उभा असला तरी. आता मेल्यावरही तेच नाव गावभर. नागोजीच्या घशाशी ते आंबट ढेकरासारखं यायचं.

"फोटो तुमचा, तर काच त्यांच्या ट्रंकेत कशी?" भावकूची बायको जयाबाई म्हणाली. ती पारिसाचं भिंग घेऊन चौकटीवर वाकली होती.

"जळायचा माझ्यावर. लपवून ठेवली. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, वहिनी, पण तू विचारलंस."

"त्या दिवशी ते कुठं हुतं?"

"काकतीला, लग्नाच्या पंगतीत. आन् हितं असता तरी कुबडीवरचा माणूस रुळातल्या खडीत उभा ऱ्हाणार कसा?"

पारिसानं मान डोलावली. खडीचं त्याला पटलं.

"म्हंजे तुम्ही एकटंच?"

"एकटा! बफर कसला, ग्रीसचा नुसता चिखल. तीन तास विटकरीच्या भुकटीनं घासला. असा लख्ख, की ड्रायव्हर त्यात बघून भांग पाडून गेला. सायबानं मिशा कातरल्या. मागनं एक म्हस आली, ती सोताला बघून लाजली!"

पारिसा खो-खो हसला आणि पट्टीवर 'ना' उमटला. नागोजीच्या जिवाला वीस वर्षांनी थंडावा मिळाला. त्यानं पुन्हा मिशीला हात घातला.

जयाबाई हसली नाही. तिनं भिंग थाळीच्या मधोमध धरलं. जरा खाली घेतलं, जरा वर.

"बफर लई लख्ख घासलासा, भावजी," ती म्हणाली. "ह्यात क्यामेऱ्यामागं काळ्या कापडात डोकं घालून कुबडीवर उभं हायत, ते आमचं मालक. आन् बाजूला चिंधी घेऊन मिशीला पीळ देतायसा, ते तुम्ही!"